नमुना स्वच्छ आला

प्रिय धाकट्या,

काल तुझा फोन वाजत होता आणि मी उचलला नाही. कामात होते असं नंतर कळवलं, तेही खोटंच. टेबलाशी नुसती बसून होते. फोनवर तू मध्येच "असू दे ताई" म्हणतोस आणि माझं बोलणं तिथेच अडतं, म्हणून लिहायला घेतलं.

इथे सांगण्यासारखं फार काही नाही. प्रयोगशाळेचं काम चालूच आहे. ऑपरेशनमध्ये काढलेले फुप्फुसाचे तुकडे येतात. त्यांच्या पातळ चकत्या करायच्या, गुलाबी पाण्यात जिवंत ठेवायच्या, बर्ड फ्लूच्या विषाणूचा थेंब सोडायचा आणि दुसऱ्या दिवशी कोणत्या पेशी हिरव्या चमकतात, म्हणजे तो कुठे शिरला, ते बघायचं. "आमची ताई नुसत्या चकत्या करते, पण डबा कधी भरून आणत नाही," असं तू तुझ्या लग्नात सासरच्यांना सांगितलं होतंस. सगळे हसले. नवरी तेवढी माझ्याजवळ येऊन बसली आणि चकत्या जिवंत राहतात तरी कशा, हे खोदून खोदून विचारत राहिली. बालवाडीत शिकवायची ना, समजल्याशिवाय सोडायची नाही. तेव्हापासून माझ्यासाठी ती मास्तरीण.

तिला सांगितलं ते तुला कधी नीट सांगितलं नाही. आपल्या पेशींवर साखरेचे बारीक धागे असतात. विषाणूला आत शिरायचं तर त्यातला एखादा धरावा लागतो. पक्ष्यांच्या विषाणूला ठरावीक वळणाचा धागा लागतो आणि आपल्या नाकाघशात तसे धागे फारसे नसतात. म्हणून माणसाला तो सहसा होत नाही. पण फुप्फुसाच्या तळाशी, जिथे हवा रक्ताला मिळते, त्या इवल्या फुग्यांवर ते भरपूर आहेत. धुळीबरोबर तो तिथवर उतरला, की मग त्याला आवरणं कठीण. फुगे पाण्याने भरत जातात आणि माणूस कोरड्या खाटेवर बुडतो.

तुझ्या शेडमधल्या कोंबड्यांचे तुरे निळे पडले, एका सकाळी साठ मेल्या, तेव्हा तू मला विचारलंस, हात लावू का. मी म्हटलं, माणसाला सहसा होत नाही, तोंडाला फडकं बांधा आणि उचला. तुझी पाठ धरलेली होती, म्हणून शेडमध्ये मास्तरीण गेली. कोंबड्या उचलल्या. मग तिला राहवलं नसेल, खालचा भुसाही तिनं झाडून काढला, कोरडाच. अर्धा दिवस त्या धुळीत होती, असं तूच म्हणालास.

चौथ्या दिवशी ताप आला. पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, तू तिच्या उशाशी होतास. दवाखान्यातल्या नर्सनं नाकातून नमुना घेतला, तो स्वच्छ आला. तुम्ही घरी आलात. आठव्या दिवशी तिला वाक्य पुरं करता येईना. एक्स-रेमध्ये छाती खालून पांढरी झालेली. नळी घालून खोलातलं पाणी काढलं, तेव्हा कुठे विषाणू सापडला. औषध सुरू झालं नवव्या दिवशी आणि अकराव्या दिवशी ती गेली. औषध आधी मिळालं असतं तर कदाचित, एवढंच मोठे डॉक्टर म्हणाले. ते 'कदाचित' तू मनाला लावून घेतलंस. वजन उतरलंय तुझं, शेजारच्या काकूंनी कळवलं.

आता जे लिहायचं ते लिहिते. नमुना आला त्या दिवशी तू मला फोन केला होतास. "ताई, नमुना स्वच्छ आलाय. साधा ताप म्हणतात. घरी नेऊ का?" मी हातातलं काम न थांबवता म्हटलं, "मग बरं झालं. ने." धाकट्या, नाकातला नमुना स्वच्छ येऊनही विषाणू खाली असू शकतो, हे मला माहीत होतं. अख्ख्या घरात मला एकटीलाच माहीत होतं. कोंबड्यांचं डॉक्टरांना सांगितलंस का, एवढंही मी विचारलं नाही. का, याचं उत्तर दोन महिने शोधतेय. तो नमुना खरा ठरावा अशी माझी इच्छा होती, यापलीकडे काही सापडत नाही.

परवा चिंगीचा फोन आला. "आत्या, बाबा म्हणतात त्यांनी आईला शेडमध्ये पाठवलं म्हणून ती गेली. मी बोलत नाही त्यांच्याशी." आठ वर्षांच्या पोरीनं हे इतक्या शांतपणे सांगितलं, आणि मी तिला अभ्यास कर म्हणून फोन ठेवला. तिलासुद्धा खरं सांगायचं धाडस झालं नाही. म्हणून हे पत्र. तिला समोर बसवून वाचून दाखव, अडेल तिथे थांबून समजाव. बाबांनी आत्याला विचारून पाठवलं, आत्याला विचारून घरी आणलं, हे तिला कळू दे. तिनं आत्याशी बोलणं टाकलं तर टाकू दे. तूही टाकलंस तरी मी कारण विचारणार नाही. मास्तरीण काही परत यायची नाही आणि मी यातून सुटावी असंही मला वाटत नाही. पण त्या घरात पोरीला बोलायला आता एकच माणूस उरलाय.

तुझीच, म्हणू देशील तोवर,
ताई