फाटकं कोपर

लायडन, फेब्रुवारी २०२१, रविवार संध्याकाळ

लॉकडाऊनमध्ये एकाच पाहुण्याची मुभा, म्हणून लेकीचा इंग्रज वर्गमित्र एकटाच जेवायला आला. स्वेटरचं कोपर फाटलेलं. माझा जीव कळवळला. जाताना ह्यांचा नवा स्वेटर दिला, वर पोळ्यांचा डबा.

"आई, त्याच्या बाबांच्या मालकीचं जंगल आहे!"

मग हे असं का?

"त्यांच्याकडे श्रीमंतांची मुलं तबेल्यात जमतात, शॅम्पेन पितात. सगळे असेच फाटके. नवं घालणारा उपरा ठरतो."

तबेल्यात? गोठ्यातून बाहेर पडायला आमच्या तीन पिढ्या खपल्या!

लॉकडाऊन उठला की त्याने तिलाही तिथे बोलावलंय. "एखादा फाटका दे ना, मला हसतील गं."

घरात एकही नाही. फाटलं की मी लगेच रफू करते. आता कात्री घेऊन बसलेय. चांगलं कोपर कापायचं? हात धजत नाही.