चामराजपुरम सोडून

१२ जानेवारी, रविवार
आज यादवगिरी. पुन्हा पायीच!
प्रवचनाला ओळख झाली तेव्हा वनजाबाई हसल्या होत्या — "वीस वर्षं म्हैसुरात, आणि बघितलं काय? राजवाडा नि चामुंडी! अय्यो!" तेव्हापासून दर रविवारी मी येलवालहून बसनं येतो आणि त्या मला त्यांचं शहर दाखवतात.
चढाचा रस्ता, दोन्ही बाजूंना झाडं, लाल कौलं. एवढं शांत की आपल्याच चपलांचा आवाज मोठा वाटावा. एक म्हातारी तेवढी पायरीवर पावटे सोलत बसली होती. तिनं आम्हाला बघितलं, आम्ही तिला.
वनजाबाई शाळेत शिकवतात. लग्न केलं नाही. वडील आणि त्या, दोघंच. बोलताना निम्मं वाक्य मराठी, निम्मं कन्नड. मला कळलं नाही की स्वतःवरच चिडतात.
घर चामराजपुरमला. तिथं मात्र फिरायचं नाही! "आमच्या गल्लीत बेडा, नको. कुणीतरी अण्णांना जाऊन सांगेल."

१९ जानेवारी
लक्ष्मीपुरम. एका फाटकावरून बुचाची फुलं रस्त्यावर पडली होती. त्यांनी दोन उचलून दिली. "देवाला चालतात की नाही, तुम्ही ठरवा." चालली.

२६ जानेवारी
विचारलं! ओंटिकोप्पलच्या बागेशेजारी, उभ्या उभ्या. आमची ही जाऊन नऊ वर्षं झाली. पुन्हा कुणाला असं विचारीन असं वाटलं नव्हतं.
वनजाबाई म्हणाल्या, "मला आवडेल. पण अण्णांना सोडून मी कुठं येणार नाही. तुम्ही आमच्या घरी येऊन राहाल?"
मग त्याच म्हणाल्या, "विचार करा. घाई नाही."

२८ जानेवारी
दादाला फोन केला. "घरजावई? पन्नाशीला? गावात तोंड दाखवशील का?"
आमच्या गावात एक घरजावई होता. चांगला माणूस, शेतात राबायचा. पण त्याला नावानं कुणी हाक मारली नाही. 'पाटलाचा जावई', बस. आम्ही पोरंसुद्धा तसंच म्हणायचो. आज पूजेला बसलो तरी तोच डोळ्यांपुढे.
हो म्हणावं तर हे. नाही म्हणावं तर वनजाबाई नाहीत.

२ फेब्रुवारी, रविवार
गेलो नाही. पोट बिघडलंय म्हणून कळवलं. पोट ठणठणीत.

६ फेब्रुवारी
अनोळखी नंबर. "मी गुंडेराव, वनजाचा अण्णा. रविवारी घरी या."
मेलो!

९ फेब्रुवारी, रविवार
पहिल्यांदाच चामराजपुरम. गुंडेराव दारातच उभे. सोसल्याच्या वैष्णव मठाचे शिष्य, कपाळावर गंध, हातात काठी.
"बन्नी, बन्नी! या! गेल्या रविवारी कुठं होता? यादवगिरीहून जयवंतीचा फोन नाही, लक्ष्मीपुरमहून नाही. मला वाटलं भांडलात!"
वनजाबाईंचा चेहरा! पावटे सोलणारी ती म्हातारी म्हणजेच जयवंती, गुंडेरावांची आतेबहीण निघाली. आम्ही त्यांची गल्ली टाळत होतो, आणि शहरभरच्या पायऱ्यांवर त्यांचेच नातेवाईक बसलेले.
"तुम्हाला सगळं माहीत होतं, अण्णा? मग बोलला का नाहीत?"
"बोललो असतो तर फिरणं थांबलं असतं. सरस्वतीपुरमची माझी बहीण रुसलीय. तिच्या दारावरून अजून गेला नाहीत म्हणे!"
मग माझ्याकडे वळले. "हरिहर! एका नावात दोन देव! आम्हा वैष्णवांचं एकावर भागतं. कुलदैवत कोण?"
"खंडोबा."
"म्हणजे शिवच!" काठी आपटून हसले.
वनजाबाई कॉफी करायला आत गेल्या तेव्हा आवाज खाली आणला. "मी तिला म्हटलं, लग्न कर, जा. ऐकत नाही. तुम्हाला अवघड आहे, ठाऊक आहे मला. लोक बोलतील. माझं म्हणाल तर या घरात तुम्ही कुणाचे जावई म्हणून राहू नका. हरिहर म्हणून राहा."
त्यांनी लगेच उत्तर मागितलं नाही.
निघताना वनजाबाई बसपर्यंत आल्या. त्यांच्याच गल्लीतून, भर दुपारी! तीन दारांतून "काय वनजा, हेच का?" आणि त्यांनी तिन्ही वेळा हौदु म्हटलं. हो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
पहाटे गुंडेरावांचा फोन. "देवघरात जागा केलीय. आमचे देव जरा डावीकडं सरकवले. आधी तुमचा खंडोबा येऊ दे, लग्नाची तिथी मग बघू."
पूजा केली. देव पुसले, खंडोबाच्या टाकासकट लाल फडक्यात बांधले. आठच्या बसनं निघतो.