तो पोपटी कुर्ता

रविवार, नांदेड, खोलीवर

माझ्या आईसारख्या पंचेचाळिशीतल्या बाईने स्वतःसाठी छान कपडे कुठे घ्यायचे? मला खरंच सांगता येत नाही. घरातली पहिली पदवीधर मी, कॉलेजात बायकांच्या हक्कांवर भाषणं केलेली, आणि तरीही.

आई रेणापूरहून मला भेटायला आली होती. कपड्याच्या दुकानात शिरताच दुकानदार म्हणाला, "या मावशी, देण्याघेण्यातल्या साड्या दाखवू?" आई सवयीने "हाव" म्हणाली. आयुष्यभर तिने दुसऱ्यांच्या आहेरासाठीच साड्या निवडल्या आणि स्वतः आहेरात आलेल्या नेसली. आज मात्र तिचा हात एका पोपटी कुर्त्यावर थांबला. "खिसा बी हाय गं याला!"

आणि मी काय म्हणाले? "आई, रेणापुरात हे कुठं घालशील तू?" मी म्हणाले हे! तिने हात पटकन मागे घेतला. "मी आपलं नुसतं बघून राहिले," म्हणाली, आणि चारच्या एसटीने गेली.

खोलीत तिने घडी घालून ठेवलेली माझी चादर तेवढी आहे. तो मागे घेतलेला हात डोळ्यांपुढून हलत नाही.

म्हणून मघाशी परत दुकानात गेले. "देण्याघेण्यातलं दाखवू का, ताई?"

"नाही. माझ्या आईला घालायला," म्हणाले, आणि तो पोपटी कुर्ता तिच्या मापाचा घेऊन आले.