काळ्या बेदाण्याची एक ओळ

१२ एप्रिल १९९९, सांगली
परगावच्या खरेदीदारांना चाळीस ई-मेल गेले! मी ज्यांचे हिशेब लिहायला जाते त्या तासगावच्या आप्पासाहेबांचा बेदाणा अवकाळी पावसाने काळा पडलाय. इथले व्यापारी हात लावीत नाहीत. खपला नाही तर बेदाणा वाळवायची शेड मोडून विकणार, म्हणतात. "तुमी गोष्टी लिवता न्हवं, मग ह्ये बी लिवा."
वरच्या, विषयाच्या ओळीत काय घालू? "आवं बाई, कागदाच्या डोक्यावर श्री असतंय की!" म्हणून चाळीसही ठिकाणी — श्री.

१६ एप्रिल
एकच उत्तर, इंदूरहून. 'यंदाची देणगी आम्ही आधीच दिली आहे.' देवस्थान समजले आम्हाला! इतकी हसले की अबोली पाणी घेऊन धावली. माझी भाची, सायबर कॅफे तिचाच.
"मावशी, लोक आधी ती एकच ओळ बघतात. उघडायचं का पुसायचं, तिथंच ठरतं."
माझ्या कथांची पाकिटं संपादक उघडतात की नाही, याची वीस वर्षं काळजी केली. पहिल्या ओळीची कधी केली नाही.

१७ एप्रिल
ओळी सुचतायत! भात करपला. 'उत्कृष्ट बेदाणा' — सगळेच म्हणतात. 'स्वस्त' — लगेच संशय. 'तातडीचे' — तार आल्यासारखं, कुणीतरी गेलं वाटायचं!

१९ एप्रिल
पाठवली. चाळीस जणांना. आप्पासाहेबांना न विचारता!
'पावसाने काळा पडला, गोडी तशीच आहे.'
बटण दाबलं, आणि हसूच येतंय.

२० एप्रिल
आप्पासाहेबांचा फोन. कुणीतरी त्यांना वाचून दाखवलं.
"आपल्याच मालाला आपुनच नावं ठिवायची? लय शानपणा झाला. उद्यापास्नं येऊ नका."
रडले थोडी. पण ओळ मागे घ्यावीशी वाटत नाही. एक शब्दही नाही. हे काय झालंय मला!

२१ एप्रिल
उत्तर नाही. दोनदा कॅफेत जाऊन पाहिलं. (तीनदा.)

२३ एप्रिल
सकाळी दारात आप्पासाहेब. टोपी हातात. नागपूरचे एक द्राक्षासव करणारे कारखानदार शेडवर येऊन बसलेत — औषधाला रंग कोण बघतो, सगळाच माल हवाय. पण आप्पासाहेबांशी बोलत नाहीत. "ती ओळ ज्यांनी लिवली, त्यांच्याच तोंडनं भाव ऐकतो म्हणत्यात. चला की, बाई."
जीपमध्ये बसल्यावर पाहिलं — दोन पायांत दोन वेगळ्या चपला!