इंजिन दोन माणसांचे हवे

प्रति,
मा. बंदर निरीक्षक साहेब,
बंदर कार्यालय, पहिला मजला.

विषय : जुन्या बोटीस नवे इंजिन बसविण्याचा निर्णय कळविणे, तसेच एकट्याने बोट चालविण्याची सवलत नामंजूर होणेबाबत.

संदर्भ : इंजिन बदलावे अथवा बोट मोडीत काढावी, या आशयाचे आपले पत्र.

महोदय,

आपल्या पत्रास उत्तर देण्यास विलंब झाला. घरात विचारायला कोणी नसल्यामुळे मला एकट्यालाच दोन्ही बाजूंनी बोलावे लागले, त्यात वेळ गेला.

१. सदर बोट पलीकडच्या काठावर माणसे व सामान पोचविते. सुकाणू माझ्याकडे आणि इंजिन माझ्या पत्नीकडे, अशी आमची वाटणी होती. हँडल मारण्यापासून तेलपाण्यापर्यंत सगळे तीच पाही. उतारू तिला इंजिनबाई म्हणत. आपल्या दप्तरी तिची नोंद 'खलाशी' अशी आहे. मागच्या हिवाळ्यात ती वारली. नोंद कमी करण्याचा अर्ज माझ्याकडून अद्याप लिहून झालेला नाही.

२. त्यानंतर मी एकटाच हँडल मारून सुकाणूकडे धावत होतो. गेल्या महिन्यात दुधाचे रिकामे कॅन घेऊन परतताना इंजिनाचा आवाज बदलला. मी सवयीने मागे न पाहता ओरडलो, "अगं, जरा कमी कर!" कमी करणारे कोणी नव्हते. इंजिन तापून जाम झाले. भरती येईपर्यंत बोट पाण्यावर नुसती हलत राहिली. संध्याकाळी भरतीच्या ओढीने धक्क्याला लागलो तेव्हा "उशीर का झाला?" असे विचारणारे कोणी भेटेल म्हणून थोडा वेळ दोर गुंडाळत बसलो. कोणी विचारले नाही. कोणाची त्यात चूक नाही. मी गेल्याचेच कोणाला ठाऊक नव्हते.

३. मेकॅनिकने इंजिन उघडून पाहिले व म्हणाला, "काका, काकूंनी हे जगवलं होतं. आता याला हात लावण्यात अर्थ नाही." आपल्या तपासनीसांनी मात्र हातोडीने एकेक फळी ठोकून बोट ठणठणीत असल्याचा शेरा दिला. मुलीला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, विका ती बोट आणि इकडे या. एकट्या माणसाला बोट कशाला हवी?" तिचे म्हणणे प्रेमापोटी आहे. मी तिच्याकडे जाऊन राहून पाहिले आहे. सकाळी सगळे कामाला गेले की तिथे फ्रीजचा आवाज येतो. तो ऐकत बसण्यापेक्षा माझी खोली बरी.

४. म्हणून इंजिन पाहायला दुकानात गेलो. विक्रेत्याने नवे, बटणावर चालणारे इंजिन दाखविले. "आजोबा, सुकाणूपाशी बसूनच चालू-बंद करा. दुसऱ्या माणसाची गरजच नाही!" असे तो मोठ्या उत्साहाने म्हणाला. माझा चेहरा उतरलेला पाहून त्याने मला पाणी दिले. असे इंजिन बसविल्यास एकट्याने बोट चालविण्याची सवलत मिळेल, असे आपल्या कार्यालयातील लिपिकाने आपुलकीने सांगितले व छापील अर्जही दिला. तो कोराच परत करीत आहे.

५. साहेब, मी स्वतःला ओळखतो. सवलत मिळाली तर मी एकटा जाईन, एकटा येईन, आणि पलीकडे "उतरा" व अलीकडे "बसा" याखेरीज शब्द बोलणार नाही. हल्ली माझा आवाज मलाच घोगरा लागतो. नियमाने दुसरा माणूस सक्तीचा राहिला, तरच मी तो शोधीन. कोणाच्या दारात जाऊन "मला सोबत हवी आहे" असे म्हणणे या वयात जमत नाही. "साहेबांचा नियम आहे" असे म्हणणे जमेल.

६. सबब, बोट मोडीत न काढता तिला हँडलचे, मागे बसून सांभाळावे लागणारे इंजिन बसविण्याचे मी ठरविले आहे. त्यास परवानगी द्यावी. सवलत मी अगर माझ्या मुलीने पुढे कधी मागितली, तरी ती देऊ नये.

७. दुसरा माणूस म्हणून बाजारातील शिंपी तयार झाला आहे. नजर मंदावल्याने त्याने दुकान बंद केले आहे. शिवणयंत्राखेरीज कोणतेही यंत्र त्याला ठाऊक नाही. मेकॅनिक त्याला शिकविणार आहे. तो फार बोलतो, अशी त्याच्या घरच्यांची तक्रार आहे. ती पात्रता समजावी. परवा तो बंद बोटीत बसून पाहायला आला आणि अंधार पडला तरी उठेना. मी बऱ्याच दिवसांनी दोन कप चहा केला.

८. पत्नीची नोंद कमी करून त्या जागी त्याची घ्यावी. 'खलाशी' हा शब्द तोच राहू द्यावा.

आपला नम्र,
(सही)
बोटमालक, जुन्या धक्क्यामागील खोली
दिनांक : चालू महिन्याची अकरा

सोबत :
१. तपासनीसांचा शेरा.
२. सवलतीचा कोरा अर्ज.
३. स्वतःला पोहता येते, याबाबत शिंप्याने स्वहस्ते लिहिलेले निवेदन (नऊ पाने, पोहण्याचा मजकूर शेवटच्या पानावर आहे).