रॉकेटच्या बारा रिंगा

३ मार्च, सोमवार
रोजनिशीला उशीर झाला, वहीने माफ करावे. जानेवारीतच सुरुवात करणार होतो, पण चष्म्याची काडी मोडली. आता लिहायलाच हवे. आमच्या वर्कशॉपला रॉकेट कंपनीचे काम आले आहे. हल्ली बसगाड्यांसारखी रॉकेटेही खाजगी झाली. ऑक्सिजनच्या नळीसाठी बारा रिंगा नमुन्याला द्यायच्या. पास झाल्या तर पाच वर्षे काम, नापास झाल्या तर शटर ओढायचे, असे लेक म्हणते. ती मालकीण, मी सल्लागार. तिला अजून सांगितलेले नाही.

५ मार्च, बुधवार. पहाटे ५
झोप नाही. लेथवर आपणच बसायचे, हे पक्के.

संध्याकाळी
लेक नको म्हणाली. मशीन कॉम्प्युटरवर चालते म्हणे. ठीक आहे. माझा हात बारीक कामासाठी राखून ठेवला असणार.

७ मार्च, शुक्रवार
रिंगा तयार. लेकीने हातमोजे घालून त्या औषधात धुतल्या, पिशव्यांत सीलबंद केल्या. हात लावू नका, असे जावयाने दोनदा बजावले. मला एकदा सांगितले तरी कळते. पण इतका कोरडा धातू! गंज धरला तर नाव माझे जाणार.

८ मार्च, शनिवार
पन्नास वर्षांत माझ्याकडून एकही नग तेलाचे बोट फिरवल्याशिवाय बाहेर गेला नाही. सगळे उठायच्या आत पिशव्या उघडून बाराही रिंगांना तेलाचा हलका हात दिला, पिशव्या इस्त्रीने पुन्हा चिकटवल्या. आता पास झाल्याच म्हणायच्या. तरी टेम्पो जाईपर्यंत चार वेळा गेटवर जाऊन आलो.

१२ मार्च, बुधवार
तपासनीस आला. बाराही नापास. ऑक्सिजनच्या वाटेत तेलाचा ठिपका म्हणजे नळी पेटणार, मग रॉकेट, असे त्याचे म्हणणे. मी म्हटले, तेल चांगल्या कंपनीचे आहे. लेक तपासनिसाला एवढेच म्हणाली, "चूक आमच्या वर्कशॉपची आहे. पण आमचे नाव खोडू नका."

१४ मार्च, शुक्रवार
आणखी एक संधी मिळाली. परगावी कंपनीच्या शेडमध्ये राहून, त्यांच्या डोळ्यांसमोर रिंगा पुन्हा करायच्या. माझ्या बोलण्याचा तपासनिसावर परिणाम झाला असावा. धुतलेला शर्ट घालून सहालाच दारात उभा राहिलो.
"बाबा, तुम्ही आता फक्त घरी बसा," लेक म्हणाली.
जाताना वर्कशॉपची किल्लीही घेऊन गेली. तिकडे लागत असेल.

२० मार्च, गुरुवार
सहा दिवस झाले, फोन नाही. कामात असेल. काही अडले तर मला बोलावतीलच. फोन चार्जिंगला लावून शेजारी बसलोय, त्यामुळे जेवायलाही उठलो नाही. पोरी, पास झालीस की नापास, एक शब्द टाक. रागावली असशील तर रागावूनच बोल, पण लवकर कळव.