सुधाकरचा एक सीझन

मंगळवार, १९ ऑगस्ट. निशी-कसाई, टोकियो

अथर्वचं नाव यंदाच्या यादीत नाही. जेवताना सांगितलं त्याने, आमटीभात कालवता कालवता, जणू काही ट्रेन चुकली.

कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये चारच सीझन खेळता येतात. एक वर्ष नापास झाल्याने हा आता पाचव्या वर्षाला. त्याचे चार झालेत, पण कागदावर तीनच! पहिल्या वर्षीचा अर्ज मी भरला होता, आपल्या पद्धतीने: त्याचं नाव, माझं नाव, आडनाव. क्लबमध्ये कुणीतरी मधलंच नाव उचललं आणि तो सीझन यादीत 'सुधाकर' खेळला. म्हणजे मी! स्टेशनचा जिना चढताना धाप लागते मला.

कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. आज यादी पाठवायच्या आधी हा स्वतःच कोचकडे गेला. म्हणाला, "सुधाकर मीच. ते बाबांचं नाव आहे."

मी काय बोलावं? "अरे, गप्प बसला असतास तर?" का बोललो असं? लिहितानाही लाज वाटतेय.

तो हसला. "दाइजोबु, बाबा. काही बिघडत नाही. माझ्या जागी हारुतो खेळेल. तीन वर्षं बाकावर बसलाय तो." उद्या सकाळी त्यालाच शिकवायला मैदानावर जाणार आहे.

कुठून आलं हे याच्यात? माझ्याकडून तर नाही.

जुन्या यादीतलं सुधाकर खोडून तिथे अथर्व लिहिलंय म्हणे. बरंच झालं. सुधाकर गप्प बसला असता.